फोनातून गूगल काढायचंय, पण दुकानातल्या क्यूआरचं काय?

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेलो की माझ्या रोजच्या फोनात गूगलचं खातं नाही, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की चार्जर-बॅटरीचे नेहमीचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवावे लागले. सगळी छापणं शक्य नाही, त्यातल्या त्यात वेगवेगळी निवडलीत, थोडी छाटलीत पण, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार सर. साखळीला माझं औषधांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी चवथीच्या आधी रात्री जेवताना मी आणि बायको माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताच्या, सामानाबद्दल बोलत होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर मखर, तोरणं, विजेच्या माळा, सगळ्या त्याच जाहिराती. तेव्हापासून डोक्यात बसलंय की फोन ऐकतो. भाचा म्हणतो, मामा, ग्राफीन टाका, सगळं बंद होईल. माझा फोन रेडमीचा, तीन वर्षं जुना. दुकानात दिवसाला शंभरेक गिऱ्हाइकं क्यूआरवर पैसे देतात. टाकू का?
– एक औषध दुकानदार, साखळी

उत्तर : माटोळीचं आधी बोलूया, कारण हा अनुभव मला आतापर्यंत किती जणांनी सांगितलाय त्याची गणती नाही. फोन चोवीस तास माइक चालू ठेवून तुमचं बोलणं ऐकतोय असं मला काही वाटत नाही, त्याला तेवढे कष्ट घ्यायची गरजच नाही हो. चवथ पंधरा दिवसांवर आलेली, तुम्ही गोव्यात, वहिनींनी घरच्या त्याच वायफायवर कधीतरी तोरण नाहीतर मखर शोधलेलं असणार, तुमचा नि त्यांचा फोन रोज रात्री एकाच छपराखाली झोपतात हे जाहिरातवाल्यांना ठाऊक. एवढ्यावर गणपतीची जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवायला नुसतं पंचांग पुरतं.

पण म्हणून फोन गप्प बसतो असंही नाही. २०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी एक अँड्रॉइड आणि एक आयफोन घेऊन ते काय काय पाठवतात ते मोजलं, तर कोणी हातसुद्धा न लावता दोन्ही फोन सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीला काहीतरी कळवत होते. म्हणजे तुमची तक्रार खरी आहे, फक्त चोर तुम्ही म्हणता त्या दारातून येत नाही.

आता ग्राफीन. ग्राफीनओएस म्हणजे अँड्रॉइडचाच उघडा सोर्स कोड घेऊन, त्यात गूगलचं काहीही न घालता, उलट सगळीकडे जास्तीच्या कड्या-कोयंडे लावून केलेली सिस्टीम. त्यात प्रत्येक ॲपचं नेट वेगळं तोडता येतं, सेन्सर तोडता येतात, आणि एखादं ॲप सगळे कॉन्टॅक्ट दे म्हणून अडून बसलं तर त्याला चारच नावं दाखवून गप्प करता येतं. हे शेवटचं मला भारी आवडतं. प्ले स्टोअर हवंच असेल तर तेही टाकता येतं, पण मग गूगल त्या फोनात मालकासारखं न राहता भाडेकरूसारखं राहतं, बाकीच्या ॲपना जेवढी परवानगी तेवढीच त्याला.

तुमची अडचण अशी की हे फक्त पिक्सेलवर चालतं. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन घ्यायचा, हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण दुसऱ्याची सिस्टीम घालून पुन्हा पक्कं कुलूप लावू देणारे, आत सुरक्षेची वेगळी चिप असलेले नि वर्षानुवर्षं अपडेट मिळणारे, असं सगळं एकत्र असलेले फोन फार नाहीत. काट्याने काटा काढायचा म्हणा हवं तर. तुमचा रेडमी त्यात बसत नाही, विषय संपला.

समजा उद्या पिक्सेल घेतलात, तरी दुकानाच्या फोनवर लगेच टाका असं मी सांगणार नाही. कारण बँका. बँकेचं ॲप उघडताना गूगलकडे चौकशी करतं की हा फोन ओळखीतला का, याला प्ले इंटिग्रिटी म्हणतात, त्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि ग्राफीन खालच्या पायरीवर पास होतं, वरच्या दोन पायऱ्यांवर नाही. फोन असुरक्षित आहे म्हणून नापास होतो असं समजू नका, गूगलने प्रमाणपत्र दिलेली सिस्टीम नाही म्हणून होतो. फोन खरा आहे की नाही ते गूगलला न विचारता थेट चिपकडून तपासायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती वापरली तर ग्राफीन पास होतं, पण तेवढी तसदी किती बँका घेतात! मग होतं काय, काही बँकांची ॲप मजेत चालतात, काही उघडतच नाहीत, आणि काही आज चालतात नि पुढच्या अपडेटला दार लावून घेतात. ही तिसरी जात सगळ्यात वाईट.

माझंच सांगतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हरमलच्या मिरच्या घेतल्या, शिवाय दोन वाटे बांगडे, मागे गर्दी, बाई पिशवी पुढे करून उभी, मी ॲप उघडतो तर 'हे उपकरण सुरक्षित नाही' असा लाल पट्टा. आदल्या रात्रीपर्यंत चालत होतं. खिशात शंभराची एक नोट. बाई म्हणाली, "दादा, फोन एवढा मोठा आणि पैसे नाहीत?" शेजारच्या फुलवाल्याने ओळखीवर भागवलं म्हणून बरं. त्या दिवसापासून बँकेची ॲप मी एका वेगळ्या, साध्या, न छेडलेल्या फोनवर ठेवतो, तो घरी खणात असतो, आणि पाकिटात पाचशेची नोट.

तुमच्यासाठी एक चांगली बातमी. क्यूआरवर पैसे यायला तुमचा फोन लागतच नाही, गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की पैसे थेट खात्यात, आणि ते 'अमुक रुपये प्राप्त हुए' ओरडणारं खोकं असेल तर त्यात त्याचं स्वतःचं सिम असतं. फोन लागतो तो हिशेब बघायला आणि होलसेलवाल्याला पैसे सोडायला. म्हणून रेडमी दुकानात तसाच ठेवा, त्यात फक्त धंद्याचं सिम आणि बँकेची ॲप. बाकीचं जगणं, म्हणजे फोटो, गप्पा, घरची माणसं, ते हवं तर पुढेमागे पिक्सेलवर न्या.

आणि आज रात्री दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं काढा. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ॲड्स, तिथे जाहिरातीचा आयडी डिलीट करायची सोय आहे, अँड्रॉइड १२ पासून पुढे. मग लोकेशनची परवानगी कोणाकोणाला दिलीय ती यादी उघडा. टॉर्चच्या ॲपला तुम्ही साखळीत आहात की वाळपईत याच्याशी काय करायचंय? माझ्या ओळखीच्या एकाच्या फोनात अशी तेहेतीस ॲप निघाली, त्यातली एकोणीस त्याला आठवतसुद्धा नव्हती. भाच्याला चहा पाजा आणि हे त्याच्याकडून करून घ्या, ग्राफीनचं नंतर बघू.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला सेकंड इयरला आहे, फर्मागुडीला. घरी बाबांचा जुना मोटोरोला पडलाय. त्यावर लिनिएज टाकून रूट करणार आहे, म्हणजे फुल प्रायव्हसी. मित्र म्हणतो लिनिएज आणि ग्राफीन सेमच, ग्राफीनचे नुसते पिक्सेलवाले नखरे. बरोबर का?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : नाही रे. दोन्ही फुकट, दोन्ही अँड्रॉइडच्या उघड्या कोडवर उभ्या, सारखेपण इथवरच.

लिनिएज हे जुन्या सायनोजेनमॉडचं पुढचं नाव, २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेन बंद पडलं तेव्हा त्याच पोरांनी ते नव्या नावाने उचललं. त्यांचा मुख्य धंदा म्हणजे कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनांना जगवणं, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, शेकडो मॉडेलं चालतात. ग्राफीन सुरू झालं २०१४ मध्ये, आधी कॉपरहेडओएस म्हणून, मग पार्टनरांचं फाटलं, आणि २०१९ पासून हे नाव. त्यांचं पहिल्यापासून एकच वेड, सुरक्षा.

फरक कुठे पडतो बघ. लिनिएज टाकायला तू बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचं, कुलूप उघडतोस आणि बहुतेक फोनांवर ते उघडंच ठेवावं लागतं. म्हणजे फोन चालू होताना आतली सिस्टीम तीच आहे की कोणी बदललीय हे तपासणारं कोणी उरत नाही. घराची कडी आतून लावायचीय आणि दाराची चौकटच सैल, तसलं काम. ग्राफीनमध्ये टाकून झालं की कुलूप परत लावायचं असतं आणि दर वेळी फोन चालू होताना तपासणी होते. पडद्यावरच कळतं, लिनिएजवाल्या फोनावर नारिंगी इशारा येतो, ग्राफीनवर पिवळा. आणि वरून तू रूट करणार! रूट म्हणजे सगळ्या खोल्यांची एकच किल्ली, ती चुकून एका भिकार ॲपच्या हाती लागली की तुझी फुल प्रायव्हसी फुल गेली.

अजून एक, लिनिएज टाकून वर गूगलची ॲप्सची पोतडी टाकलीस तर मिळवलंस काय? त्या ट्रिनिटीवाल्या मंडळींनीच २०२१ च्या शेवटी सॅमसंग, शाओमी, रियलमी, हुआवे, लिनिएज आणि /ई/ओएस अशा सगळ्या तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून मोजल्या, गूगलच्या ॲपसकट लिनिएज गूगलला भरपूर काही पाठवत होतं, आणि जवळजवळ गप्प बसलेलं एकटं /ई/ओएस निघालं. ते /ई/ म्हणजे मँड्रेक लिनक्स ही संगणकाची सिस्टीम काढणाऱ्या गाएल द्यूवालचं काम, त्यात गूगलच्या सेवांच्या जागी मायक्रोजी नावाचा तोतया बसवलेला असतो, ॲपना वाटतं गूगल आहे. ते लिनिएजवरच उभं आहे, बऱ्याच जुन्या फोनांवर चालतं, तुझ्या मोटोचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का बघ. गप्प बसणं आणि कुलूप पक्कं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र डोक्यात पक्कं कर. /ई/ गप्प आहे, पण सुरक्षेचे अपडेट यायला तिथे वेळ लागतो.

शिकण्यासाठी कर, नक्की कर, मीही असाच शिकलो, दोन फोनांची वीट करून, म्हणजे पार बंद पाडून. फक्त आधी सिमचा विचार कर. जिओवर टू-जी, थ्री-जी नाहीच, कॉल जायला व्होल्टीई, म्हणजे फोर-जीवरूनच बोलायची सोय, लागतंच, आणि जुन्या फोनावर दुसरी सिस्टीम घातल्यावर पहिलं बिघडतं ते नेमकं व्होल्टीई. नेट चालतंय, व्हॉट्सॲप चालतंय, आणि आईचा साधा फोन लागत नाही. कॉलेजातून घरी जायला उशीर झाला की काय होईल ते तुझं तू बघ.

प्रश्न : माझा भाऊ कुवेतला असतो, डिसेंबरात घरी येताना वापरलेला पिक्सेल आणतो म्हणतोय. कुठला सांगू? आणि टाकणं मला जमेल का, मी कॉमर्सवाली आहे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, कॉमर्सवाल्यांना यादी तपासून सही करायची सवय असते, ती इथे सायन्सपेक्षा जास्त कामाची.

मॉडेल म्हणाल तर पिक्सेल ८ नाहीतर त्याच्या पुढचा. ८ पासून गूगल सात वर्षं अपडेट देतं, म्हणजे ऑक्टोबर २०२३ चा फोन २०३० पर्यंत चालेल. ६ए स्वस्तात मिळेल, तो आपल्याकडे २०२२ मध्ये ₹४३,९९९ ला आला होता, पण त्याचे अपडेट जुलै २०२७ ला संपतात आणि गूगलने हात काढला की ग्राफीनलाही काढावा लागतो.

पैसे द्यायच्या आधी भावाला एक काम सांगा, अगदी दुकानात उभं राहून करायचं. फोन नेटला जोडायचा, सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, सगळ्यात खाली बिल्ड नंबर, त्यावर सात वेळा टिचक्या मारायच्या, मग सिस्टीममध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उगवतं, त्यात 'ओईएम अनलॉकिंग', म्हणजे फोनाचं कुलूप उघडू द्यायचं, हे बटण. ते सरकलं तर फोन घ्यायचा. राखाडी पडून बसलंय, सरकत नाही, तर कितीही स्वस्त असू दे, खाली ठेवायचा आणि दुकानातून बाहेर पडायचं. माझ्या मावसभावाने अमेरिकेतून मोठ्या प्रेमाने पिक्सेल आणला, तिथल्या एका मोबाईल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला, हप्ते फिटलेले, सिमलॉक निघालेलं, पण हे बटण जन्माचं राखाडी. त्यावर आता माझी पुतणी कार्टून बघते.

टाकणं सोपं आहे, खरंच. ग्राफीनच्या साइटवरून लॅपटॉपच्या क्रोम नाहीतर एज ब्राउझरमधूनच होतं, फायरफॉक्समधून नाही होत. आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवून फोन चालू करायचा, केबल जोडायची, आणि पानावर लिहिलंय त्या क्रमाने एकेक बटण दाबत जायचं, अर्धा-पाऊण तास धरा. अनलॉक करताना फोनातलं सगळं पुसलं जातं आणि शेवटी परत लॉक करताना पुन्हा एकदा पुसलं जातं, तेव्हा फोटो आधी काढून ठेवा. शेवटचं लॉक करायला विसरू नका, बरेच जण फोन सुरू झाला या आनंदात तिथेच थांबतात.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दोन तास लॅपटॉपला फोन दिसेचना. विंडोज अपडेट केलं, ऑप्शनल अपडेटमधला ड्रायव्हर घेतला (तो लागतो, विंडोजवाल्यांनी आधीच घ्या), फोनला शिव्या दिल्या, बायकोने जेवायला तीनदा हाक मारली. शेवटी कळलं की केबल पंख्यासोबत आलेली, नुसती चार्जिंगची, तिच्यातून डेटा जातच नव्हता. फोनाबरोबर आलेली केबल वापरा, मधे यूएसबी हब नको. आणि पावसाचे दिवस असले तर लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या, आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : असला फोन वापरणं कायद्यात बसतं का? एअरपोर्टवर पकडतात असं ऐकलं.
– एक टॅक्सी व्यावसायिक, पेडणे

उत्तर : भाऊ, एअरपोर्टवर पकडतात ते सॅटेलाइट फोनवाल्यांना. तो आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि परदेशी पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. तुमच्या गाडीत असा कोणी बसला तर त्याला सांगून ठेवा. स्वतःच्या मोबाईलवर दुसरी सिस्टीम घालायला कसलीच बंदी नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकालच दिलाय. फोनची वॉरंटी हा वेगळा मामला, तिथे आधी विचारून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ७१. मुलगा लंडनला असतो, मे महिन्यात आला तेव्हा मला नवीन फोन देऊन गेला, त्यात म्हणे गूगल नाही, ग्राफीन की काय ते आहे. दोन त्रास आहेत. एक, पूर्वी मी इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं, आता तसं होत नाही, त्यामुळे भजनी मंडळाच्या ग्रुपवर मी नुसते अंगठे पाठवते. दोन, शनिवारी दुपारी भजनाला जाताना फोन कपाटात ठेवला की कधीकधी रविवारी मुलाचा व्हॉट्सॲप कॉल वाजतच नाही, मग तो घाबरून शेजारी फोन करतो. बघते तर फोन बोटाने उघडत नाही, आकडे मागतो. फोन बिघडलाय का?
– एक बाई, म्हापसा

उत्तर : बाई, फोन अगदी ठणठणीत आहे, उलट जरा जास्तच इमानदार आहे.

दुसऱ्या त्रासाचं आधी. ग्राफीनमध्ये अशी सोय असते की फोन १८ तास कोणी उघडलाच नाही तर तो आपणहून बंद होऊन परत चालू होतो. चोराच्या हाती लागला तर आतलं सगळं कुलूपबंद राहावं म्हणून. तुम्ही शनिवारी दुपारी भजनाला जाताना फोन कपाटात ठेवता, रात्री बघत नाही, सकाळी देवपूजा, आरती, १८ तास सहज होतात, त्याला वाटतं बाई काही येत नाहीत, हा चोरच. परत चालू झाल्यावर तुम्ही आकडे घालेपर्यंत व्हॉट्सॲप जागंच होत नाही, म्हणून कॉल वाजत नाही. साधा सिमवरचा कॉल मात्र वाजतो, मुलाला हे सांगून ठेवा, शेजाऱ्यांची झोप वाचेल. आणि सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत, एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनखाली 'ऑटो रीबूट' असतं, तिथे १८ च्या जागी ७२ तास करा. पूर्ण बंदही होतं, पण करू नका, मुलाने विचार करून दिलंय ते.

आता मराठी. त्यात जो कीबोर्ड येतो त्यात मराठी आहे, भाषांमध्ये जाऊन चालू करावं लागतं, पण तो थेट क, ख, ग असा, 'mi yete' दाबून 'मी येते' होणारा नाही. तुमच्या सवयीचा होता तो गूगलचा जीबोर्ड. तो टाका खुशाल. भजनी मंडळातली कोणाची तरी नात येईल तिला सांगा की जीबोर्ड टाक, मराठी भाषा उतरवून घे, चालतंय का बघ, आणि मग त्या ॲपच्या परवानग्यांमध्ये जाऊन 'नेटवर्क' काढून टाक. म्हणजे कीबोर्ड तुमच्यासाठी मराठी उमटवेल आणि तुम्ही काय टाइप केलंत ते बाहेर कोणाला सांगायला त्याच्याकडे थेट नेटचा रस्ता नसेल. माझ्या फोनात वर्षभर असंच चाललंय, हे उत्तरसुद्धा त्याच्यावरच लिहिलं, फक्त ळ आणि ल मध्ये तो अजून घोळ घालतो, तेवढं वाचून पाठवत जा, तुम्ही तर बाई आहात.